उघड्या पाठीचा कोट

लातूरच्या गंजगोलाईजवळ एक कोट राहत असे. त्या कोटाने जितके डॉक्टर घडवले तितके एखाद्या कॉलेजनेही घडवले नसतील. ज्याला खोटं वाटत असेल त्याने त्या काळचे निकालाच्या दिवशीचे पेपर काढून बघावेत. बोर्डात आलेली पोरं ओळीने छापलेली असत. कुणी अहमदपूरचं, कुणी देवणीचं, कुणी थेट निलंग्याच्या पलीकडचं. आईबाप वेगळे, जात वेगळी, मार्क वेगळे, पण कोट सगळ्यांचा एकच. वरून तिसरी गुंडी पितळेची. मूळची गुंडी एका पोराने घाबरून चावून तोडली होती, आणि तिच्या जागी बँडवाल्याच्या कोटाची गुंडी बसली ती कायमची.

कोटाचे मालक गुलाम रसूल, निगार फोटो स्टुडिओवाले. कोट त्यांनी एका रिटायर तहसीलदाराकडून घेतला होता आणि घरी आणल्या आणल्या कॉलरपासून खालपर्यंत पाठीतून उभा फाडला. बीबी चांदबीने कपाळाला हात लावला. पण त्यात हुन्नर होतं. आता त्या कोटात काडीसारखं पोरगं मावे आणि पोत्यासारखंही मावे. काडीसारख्याला मागून कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आवळायचं, पोत्यासारख्याला नाडीने बांधायचं. पुढून बघावं तर दोघेही सिव्हिल सर्जन. एका पोराला दोन मार्क कमी पडले होते, त्याने ह्या कोटात फोटो काढला आणि फेरतपासणीत दोन मार्क वाढले, ही हकिकत गुलाम रसूल सांगत तेव्हा तीन मार्क म्हणत. पुढे गावाने त्याचे सात केले. त्यानंतर आया परीक्षेच्या आधीच पोरांना कोट घालायला घेऊन येऊ लागल्या.

गुलाम रसूलचं म्हणणं सोपं होतं. माणूस जसा आहे तसा कुणालाच बघायचा नसतो, त्याचा त्याला तर बिलकूल नाही. आरसा घरोघरी आहे, मग फोटोग्राफरकडे लोक कशाला येतात?

हे म्हणणं ज्याला पटलं नाही असा एकच माणूस स्टुडिओत होता, तो म्हणजे व्यंकट. देवणीकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, दिवे लावायला म्हणून आला आणि दिवे लावता लावता काम शिकला. हात चांगला, नजर त्याहून चांगली, पण डोक्यात नको ते चाले. एकदा एक टॉपर चिमटे लावून बसला होता. व्यंकट मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चाचा, ह्याचा पाठीमागनं काढू का? लई भारी दिसायलंय."

त्या दिवशी त्याला जे ऐकावं लागलं त्याचा थोडक्यात अर्थ असा, की पाठ ही अल्लाने बसायला टेकण्यासाठी दिली आहे, बघण्यासाठी नाही, आणि पुन्हा कोटामागे दिसलास तर कोटासकट बाहेर काढीन.

मग गणपती बोळवले त्या रात्री जमीन हलली आणि औशापलीकडची गावं मातीत बसली. लातुरात भिंतींना चिरा पडल्या, माणसं उघड्यावर झोपू लागली. व्यंकटने कुणाकडून तरी जुना कॅमेरा मिळवला आणि स्टुडिओला न सांगता तिकडे निघून गेला. गुलाम रसूलनाही जावंसं वाटलं होतं. पण दुकानासमोर रांग लागली. मदत घ्यायला फोटो लागत होता, आणि ज्यांचं सगळं गेलं तीच माणसं धुळीने भरलेली येऊन स्टुलावर बसत. गुलाम रसूल त्यांची हनुवटी वर करत, केस सारखे करत, आणि सरळ बघा म्हणत. त्या गर्दीत कधीतरी कोट खुंटीवरून गेला.

कोट गेला, व्यंकटही गेला. गुलाम रसूलने दोन्हींची सांगड घातली आणि गाठ पक्की मारली. चांदबी दोनदा काही बोलायला आली होती, पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. पुढची दहा वर्षं निगार स्टुडिओत व्यंकटचं नाव निघालं की त्याच्यापुढे 'कोटचोर' लागे.

ह्या दहा वर्षांत लातूर इतकं शिकलं की रस्त्यावर चालायला जागा राहिली नाही. गल्लोगल्ली क्लास, क्लासवर वसतिगृह, वसतिगृहावर फलक, आणि फलकावर गुलाम रसूलचे टॉपर. त्यांनी दुसरा कोट आणून तोही फाडला. एकच पोरगं तीन क्लासच्या फलकांवर हसायचं आणि तिन्ही ठिकाणी त्याचं श्रेय वेगळ्या सरांना असायचं. धंदा असा चालला होता की गुलाम रसूलने खूश असायला हवं होतं.

तेवढ्यात नांदेडला दिलेली त्यांची लेक हुस्ना हिने पेपरचं कात्रण पाठवलं. आपल्या स्टुडिओतले व्यंकटदादा किती मोठे झाले बघा अब्बा, असं पोरीने भाबडेपणाने कळवलं होतं. नांदेडात व्यंकटच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं होतं. 'जसे आहेत तसे' हे त्याचं नाव. ह्या माणसाच्या फोटोत बनाव नाही, तो कुणाला सजवत नाही, बसवत नाही, हस म्हणत नाही, असं पेपरात लिहिलं होतं. गुलाम रसूलनी ते कात्रण एकदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि दिवसभर खिशात इंगळी ठेवल्यासारखे फिरले.

चार दिवसांनी त्यांनी स्वतःही खरे फोटो काढायचं ठरवलं. अर्धापूरचा एक केळीचा व्यापारी लेकीकडे लातूरला आला होता, तो फोटोला आला. त्याला कोट दिला नाही, कंगवा दिला नाही, खिडकीपाशी जसा आला तसा बसवला आणि काही न बोलता फोटो काढला. व्यापाऱ्याने प्रिंट हातात धरून बराच वेळ बघितली आणि विचारलं, "ह्यो कोण आजारी हाय?" गुलाम रसूलनी निमूटपणे त्याला कोटात घातलं.

मग प्रदर्शन लातूरला आलं. भूकंपाला दहा वर्षं झाली म्हणून टाउन हॉलमध्ये आठवडाभर फोटो लागणार होते आणि रविवारी व्यंकटचा सत्कार होता. आपल्याला त्या बाजूला बल्ब घ्यायचा आहे असं चांदबीला सांगून गुलाम रसूल बघायला गेले. आत शिरताना त्यांनी दोष शोधायचे असं ठरवलंच होतं, आणि दोष सापडतही होते. इथं बोटं कापली आहेत. इथं उजेड डोक्यावर पडलाय. नखात माती ठेवली म्हणजे ती कला होते काय? असं करत करत ते शेवटच्या भिंतीपाशी आले आणि तिथे त्यांची मात्रा चालेना.

मोठा फोटो होता. पत्र्याच्या शेडपुढे एक बाई बसलेली, खाली नाव-गाव लिहिलं होतं, नाव सिद्धम्मा. लुगड्यावरून पुरुषाचा कोट घातलेला. ओठ घट्ट मिटलेले, गाल आत ओढलेले, डोळ्यांत पाणी आणि त्या पाण्यात असं काही चमकत होतं की बघणारा पुढे सरकेना. गुलाम रसूलने आयुष्यभर माणसांची तोंडं बघितली होती. असं तोंड त्यांच्या स्टुलावर एकदाही बसलं नव्हतं. हेवा टोचावा तसा त्यांनी बरगडीवर हात दाबून धरला. शेजारी एक प्राध्यापक पोरांना समजावून सांगत होते की हा तिच्या गेलेल्या नवऱ्याचा कोट आहे, आणि गोठलेलं दुःख म्हणतात ते हेच.

तेव्हा कुठे गुलाम रसूलनी कोटाकडे नीट बघितलं. वरून तिसरी गुंडी पितळेची.

त्यांना झालेला आनंद लिहिण्यासारखा नाही. कोटचोराने कोट नेला, भूकंपाच्या गावात जाऊन एका बाईला घातला, शेडपुढे बसवली, आणि जगाला सांगितलं जसे आहेत तसे. म्हणजे बनावच. म्हणजे निगार स्टुडिओच, फक्त भिंतीऐवजी पत्रा. रविवारी सगळ्या गावासमोर हे सांगायचं, आणि त्याआधी त्या बाईच्या तोंडून वदवून आणायचं, असं ठरवूनच ते घरी आले. बल्ब घ्यायचा राहिला.

चांदबीने ऐकून घेतलं आणि जाऊ नका म्हणाली. गुडघे दुखतात, म्हणाली. ऊन आहे, म्हणाली. जुन्या गोष्टी उकरून कुणाचं भलं झालंय, म्हणाली. इतकी कारणं तिने एका दमात कधी दिली नव्हती. पण गुलाम रसूल एसटीत बसले. कॅमेरा गळ्यात होता, कारण पुरावा लागणार होता.

नव्याने वसवलेलं गाव सरळ रेघांत होतं, सगळी घरं एकाच तोंडवळ्याची, जणू सगळ्यांनी एकच कोट घातलेला. सिद्धम्माचं घर विचारत गेले तर म्हातारी दारात देवणी गाईचं दूध काढत बसली होती. चरवी बाजूला ठेवून तिने भाकरी-पाण्याचं विचारलं. गुलाम रसूलनी सांगितलं, की अक्का, मी लातूरचा फोटोवाला, आणि त्या फोटोत तुमच्या अंगावर आहे तो कोट माझा आहे.

म्हातारीने त्यांना खालून वरपर्यंत बघितलं. "मग तुझी बायकू हनुवटीवर तीळवाली का रे भाई? तोंड थांबत न्हाई जिचं?"

चांदबीच्या हनुवटीवर तीळ होता, आणि तोंडही थांबत नसे.

तिने सांगितलं ते असं. भूकंपानंतर लांबलांबून टेम्पो भरून कपडे येत होते. त्यात झगमग साड्या असत, लहान पोरांचे झबले असत, एकदा तर नुसते टाय आले होते. तिच्या वाट्याला पांघरायला काही आलं नव्हतं आणि पहाटे गारठा लागायचा. लातुरातून एक मुसलमान बाई टेम्पोबरोबर स्वतः आली होती. तिने गाठोड्यातून हा कोट काढला आणि सिद्धम्माच्या अंगात चढवायला लागली. लाजतेस कशाला, हात घाल, म्हणाली. पाठ उघडी आहे तेवढी शिवून घे. हा डॉक्टरांचा कोट आहे, माझ्या मालकाला कळलं तर तो मला ढिगाऱ्यात गाडेल, म्हणाली.

"म्हणजे व्यंकटनं न्हाई घातला?" गुलाम रसूलने विचारलं. त्यानंच घातला म्हणेल अशी आवाजात आशा होती, ती त्यांची त्यांनाच ऐकू आली.

"तो दोन दिसांनी आला," म्हातारी म्हणाली. मग जराशी थांबली. गल्लीत कुणी नाही हे बघून घेतलं. "तुजा कोट हाय म्हणून तुला सांगते. त्यानं मला बघितलं आन् तो हसला. तवापासनं कुणी हसलं नव्हतं गावात. म्हणला, आजी, हा कोट जो घालंल तो डॉक्टर होतोय. म्हागून चिमटे लावतेत. म्या म्हणलं, मग मला बी लाव की चिमटा, तपासते गावाला. आन् मला हसू आलं, भाई. मेलेल्या गावात हसू आलं. माझा धनी जाऊन महिना न्हवता झाला. शेजारच्या बाया बघायल्या होत्या. म्या दात दाबले, गाल आत वढले, डोळ्याला पाणी आलं. तवर त्यानं खटका दाबला."

गोठलेलं दुःख गुलाम रसूलच्या डोळ्यांपुढे होतं, आणि आता त्या पाण्यात काय चमकत होतं तेही कळत होतं.

"धन्यानं जन्मात कोट घातला न्हाई," सिद्धम्मा म्हणाली. "लोक म्हणतेत म्हणून म्हणू दिलं. व्यंकटला म्या गळ्याची आण घातली हाय, हसण्याचं कुणाला बोलायचं न्हाई. आता तुला बी घातली. सून नांदायची हाय माझी ह्या गावात."

म्हणजे व्यंकटने कोट चोरला नव्हता, कुणाला बसवलं नव्हतं, बनाव केला नव्हता. खोटं एवढंच, की त्याने लोकांना दुःख म्हणू दिलं, तेही म्हातारीसाठी. ह्या गप्प राहण्याचासुद्धा गुलाम रसूलला हेवा वाटला. आणि सगळ्यात झोंबलं ते हे, की त्या बाईला हसवलं होतं त्यांच्या कोटाने आणि त्यांच्या चिमट्यांनी. विनोद त्यांचा, कोट त्यांचा, बायको त्यांची, आणि फोटो व्यंकटचा. ते त्या वेळी दुकानात पासपोर्ट साइजचे फोटो काढत होते.

सिद्धम्माला दुसरीच चिंता होती. तो फोटो तिला आवडत नव्हता. तो बघून लोक सुनेला विचारत, सासूला खायला घालत नाहीस का. आता फोटोवाला दारात आलाच आहे तर नीट फोटो काढ, म्हणाली. इरकली नेसते, केस विंचरते. आणि गळ्यात बोरमाळ पाहिजे. बोरमाळ ढिगाऱ्याखाली गेली होती, पण तुम्ही लोक काढता ना ब्रशने, तेवढी काढ. गुलाम रसूलने बोरमाळ कशी होती ते विचारून घेतलं. मणी केवढे, मधे पदक होतं का. म्हातारी सांगताना गळ्यावर बोट फिरवत होती आणि बोट बरोबर एकेका मण्यावर थांबत होतं. मग त्यांनी तिची हनुवटी वर केली, पदर सारखा केला, आणि निगार स्टुडिओला शोभेल असा फोटो काढला.

"कोट अजून हाय," जाताना ती म्हणाली, आणि आतून घालूनच आली. थंडीत गाईपाशी जाताना अजून घालते, म्हणाली. मग गाईच्या तोंडाशी वैरण टाकायला वळली.

कोटाची पाठ शिवलेली होती. पण उघडी जागा कापडाला कापड जोडून मिटत नव्हती, म्हातारी अंगाने भरलेली. म्हणून तिने मधे एक लांब पट्टी घातली होती. विटलेला लाल पटका, कॉलरपासून खालपर्यंत, गोधडीच्या जाड टाक्यांनी टाचलेला. हे काय, असं गुलाम रसूलने विचारलं.

"धन्याचा हाय. पटका तेवढा सापडला त्याचा." ती वळली नाही, गाईला वैरण घालत राहिली.

गुलाम रसूलने कॅमेरा उचलला. सवयीने हात खिशात चिमटा शोधायला गेला होता, तो त्यांनी बाहेर काढला. कोट डाव्या खांद्यावर उचलला गेला होता, तो त्यांनी तसाच राहू दिला. हस म्हणायला तोंड नव्हतंच समोर. त्यांनी खटका दाबला. गाईने मान वर केली, म्हातारीने विचारलं, "माज्या पाठीचं काय करणार रे?"

घरी चांदबी दारातच उभी होती, चेहरा कसनुसा. गुलाम रसूल चपला काढता काढता म्हणाले, "अक्काने सलाम सांगितलाय." चांदबीने विचारलं, "बरी है ना?" दहा वर्षांची चोरी तिथेच मिटली. मग ते अंधारखोलीत शिरले. पाण्यातून पाठ हळूहळू वर आली. काळ्या कोटाच्या मधून ती पट्टी अशी दिसत होती, की जणू माणसाने आपला कणा बाहेरून शिवून घेतलाय. गुलाम रसूलने प्रिंट लाल दिव्याखाली चिमट्याने दोरीला अडकवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दुसऱ्या कुणाचा नाही, स्वतःच्याच फोटोचा हेवा वाटला.

रविवारी टाउन हॉल भरला होता. सिद्धम्मा आली नव्हती, तिची सून दुसऱ्या रांगेत पदर घेऊन बसली होती, आजूबाजूला तिच्या गावच्या बाया. प्राध्यापकांनी पुन्हा गोठलेलं दुःख सांगितलं. मग व्यंकट उठला. केस पिकले होते, बोलणं मात्र तसंच देवणीचं. मला उजेड शिकवणारे गुलाम रसूलचाचा इथं बसलेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत, असं तो म्हणाला. हे काही ठरलेलं नव्हतं.

गुलाम रसूल माइकपुढे आले. बगलेत पेपरात गुंडाळलेली प्रिंट होती. तोंडात ते सगळं होतं ज्यासाठी ते दहा वर्षं जळले होते. एक वाक्य बोललं असतं तर गोठलेलं दुःख तिथल्या तिथे वितळलं असतं, हॉल हसला असता, आणि दुसऱ्या रांगेतली सून उद्या गावात तोंड दाखवू शकली नसती. व्यंकट त्यांच्याकडे बघत होता. कळलंय ह्यांना, हे त्याला कळलं होतं.

"फोटो खरा आहे," गुलाम रसूल म्हणाले. हे बोलताना दाढ उपटल्यासारखं दुखलं, पण बोलले. "ह्या पोरानं कुणाला बसवलं नाही. कोट तेवढा आमच्या दुकानचा. ह्यानं तो पुढून बघितला. मागून बघायची ह्याची फार इच्छा होती, मी बघू दिलं नव्हतं." आणि त्यांनी पेपर सोडला.

सगळ्यांच्या आधी सूनबाईने पट्टी ओळखली आणि शेजारणीला कोपराने खुणावलं. मामंजींचा पटका, ही कुजबूज रांगेरांगेने पुढे गेली. प्राध्यापकांनी चष्मा पुसला. व्यंकट पुढे आला, प्रिंट हातात घेतली, उजेडाकडे तिरकी केली, जवळ नेली, लांब धरली. त्याचे ओठ घट्ट मिटले, गाल आत ओढले गेले.

"चाचा," तो फक्त त्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हा फोटो माझा होता."

"तुझ्या फोटोत कोट बघितला तेव्हा मी पण असंच म्हणालो होतो," गुलाम रसूल म्हणाले.

लोक टाळ्या वाजवत होते. व्यंकट प्रिंटवरून नजर काढेना. बरगडीवर त्याचा हात गेला होता, नेमका जिथे गुलाम रसूलचा गेला होता तिथे. असा साफ, असा बिनबनावाचा जळफळाट माणसाच्या तोंडावर एका बाजूच्या उजेडात उभा राहिलेला गुलाम रसूलनी कधी बघितला नव्हता. ज्याचा फोटो काढायला दहा वर्षं थांबावं असा चेहरा होता. त्यांचा हात आपोआप गळ्याशी गेला.

कॅमेरा दुकानात होता, सिद्धम्माची बोरमाळ रंगवायच्या टेबलावर.